माजलेला हरीक

म्हैस उभी होती, पण तिचं उभं राहणं बघवत नव्हतं. चारही पाय फाकलेले, मान खाली, आणि मानेपासून शेपटीपर्यंत अंगावरून बारीक थरथर चाललेली. मी दोन पावलं पुढं गेलो तशी थरथर वाढली.

"सायेब, आता बगा," बमू वरक म्हणाला आणि त्यानं एक टाळी वाजवली.

म्हैस दचकली. मागचे पाय ताठले, डोकं वरखाली हलायला लागलं. एक पाऊल टाकायला गेली आणि कुशीवर आडवी झाली. थोड्या वेळानं ती धडपडत आपली आपण उठली आणि परत तशीच थरथरत उभी राहिली.

"असल्या सहा हायेत," बमू म्हणाला. "सातवी काल घळीत पडली. उतरताना पाय गेला तिचा. खाली पडलीया तशीच."

शहाऐंशी साल, दसरा होऊन पंधरा दिवस झालेले. घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात पशुवैद्य म्हणून माझी पहिलीच नेमणूक होती आणि तिला नऊ महिने झाले होते. आंबेखोलीचा हा धनगरवाडा दवाखान्यापासून अडीच तासांच्या चढणीवर होता. गवळी धनगरांची सात घरं, एक बिरोबाचं देऊळ, आणि वर लांबवर पसरलेला सडा, म्हणजे खडकाळ पठार. त्या सड्यावर वाड्याची सगळी म्हसरं चरायची. बमूची दावण सगळ्यांत मोठी. माणूस चाळिशीचा, उंच, बोलायला कमी. तो पहाटे निघून दवाखान्यात आला होता आणि दाराशी उभा राहून एवढंच म्हणाला होता, "चला."

मी घळीत उतरलो आणि मेलेली म्हैस उघडली. काळीज, फुप्फुस, आतडी सगळं नीट होतं. मान मोडली होती, मरण त्यानं आलं होतं. पण मान मोडायच्या आधी तिला काय झालं होतं, ते आत कुठं दिसेना. वर वाड्यातली माणसं काठावर उभी राहून माझ्याकडं बघत होती. पंचवीस वर्षांचा होतो मी. काहीतरी सांगणं भाग होतं.

आवाज झाला की झटका, स्पर्श झाला की झटका. कॉलेजात शिकवलेलं एकच विष माझ्या डोक्यात होतं, काजऱ्याच्या बियांचं.

"इकडं काजरा आहे का?" वर येऊन हात धुताधुता मी विचारलं.

"हाय की. खालच्या रानात लय."

"त्याच्या बिया कुणी घरात ठेवतं का?"

बमूची बायको सोनाबाई माझ्या हातावर पाणी ओतत होती. तिचा हात थांबला. तिनं वळून वाड्याच्या टोकाच्या घराकडं बघितलं. मग बमूनंही बघितलं. त्या घरापुढं आंब्याला एक म्हैस बांधलेली होती. ती शांत रवंथ करत होती.

ते बघणं माझ्या ध्यानात आलं होतं. मी पाणी मागितलं, सोनाबाईनं परत ओतायला सुरुवात केली आणि मी हात धुतले.

उरलेल्या जनावरांना गुंगीचं औषध पाजलं, गोठ्यात अंधार करून गप्प ठेवायला सांगितलं, आणि मेलेल्या म्हशीच्या पोटातला चारा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला पाठवायला बरणीत भरून घेतला. निघताना बमू म्हणाला, "सायेब, काय झालंय ते लिवून द्या." मी औषधाच्या चिठ्ठीच्या कागदावर लिहून दिलं, 'काजऱ्याच्या विषाचा संशय.' खाली सही आणि शिक्का. शिक्का मी पिशवीतून बरोबर नेत असे, तेव्हा मला त्याचं अप्रूप होतं.

चौथ्या दिवशी सकाळी केरबा दवाखान्याचं दार उघडत होता. केरबा आमचा परिचर, पन्नाशीचा, सगळ्या पंचक्रोशीची खबर असलेला माणूस. तो किल्ली लावता लावता म्हणाला, "सायेब, तुमची चिठ्ठी लय काम करायला लागलीया."

"कसली चिठ्ठी?"

"आंबेखोलीची. बैठक बसली की काल देवळात. भिवराबाईला वाडा सोडायला सांगितलाय, सोमवारपतोर."

"कोण भिवराबाई?"

"बमूची थोरली भावजय. नवरा दोन सालामागं गेला. टोकाला ऱ्हाती बगा, ती. काजऱ्याच्या बिया तिच्यात घावल्या. आणि शिमग्याच्या टायमाला पाण्यावरनं बमूसंगं भांडाण झालं हुतं, तवा सगळ्यांम्होरं म्हणाली हुती, तुज्या दावणीला एक म्हस ऱ्हायची न्हाई म्हणून. तिची एकटीची म्हस धडधाकट हाय न्हवं? मग आणि काय पायजे?"

"पण मी फक्त संशय लिहिला होता."

केरबानं दार उघडलं आणि झाडू हातात घेतला. "त्यास्नी वाचायला येत न्हाई सायेब. खालच्या गावात जाऊन कुणाकडनं तरी वाचून घेटली. त्यानं काय आणि किती वाचलं, त्याला म्हाईत."

मी तसाच निघालो. चढताना एकच हिशेब मनात होता. काजरा असता तर जनावरं तासाभरात मेली असती किंवा वाचली असती. चार चार दिवस अशी थरथरत उभी राहिली नसती. हे मला पहिल्या दिवशीही ठाऊक असायला हवं होतं.

वाड्यात पोचलो तर आणखी तीन जनावरं थरथरत होती, दोन वेगळ्या घरची. बाकीची वर सड्यावर चरायला गेली होती. बमू घरात नव्हता. मी सरळ टोकाच्या घराकडं गेलो.

भिवराबाई उंबऱ्यात बसली होती. पन्नाशीच्या आसपासची, सडपातळ, केस जवळजवळ सगळे पांढरे. मला बघून उठली नाही. आत गेली आणि फडक्याची एक पुरचुंडी आणून माझ्यापुढं सोडली. काजऱ्याच्या चपट्या, राखी बिया.

"ह्याच न्हवं? गुडघ्याला उगाळून लावती मी. माजी सासू लावायची. वाड्यातल्या निम्म्या बायका माज्याकडनं न्हेत्यात. सोनीबी न्हेती."

"मावशी..."

"तुमी काजऱ्याचंच नाव कशापायी काढलंसा, सायेब?"

उत्तराऐवजी मी विचारलं, "तुमची म्हैस आजारी का नाही पडली?"

"ती कुटं जाती सड्यावर? खूर चिरलाय तिचा. म्हैना झाला हितंच बांदून हाय. वड्याकडंचा चारा कापून घालती मी, आणि नाचणीचं काड."

मी त्या म्हशीकडं बघितलं. कपाळावर पांढरा ठिपका होता, मागच्या पायाला चिंधी बांधलेली. चांदी तिचं नाव. भिवराबाईनं नाव घेतलं तशी तिनं कान हलवला.

"म्हणजे सड्यावर गेली ती आजारी पडली," मी म्हणालो. "गेली नाही ती बरी राहिली. सड्यावर काय आहे?"

"गवात हाय. आणि काय असनार? हरीक हाय, कुसळ हाय."

"हरीक? वरीसारखा खायचा हरीक?"

"त्योच. आदी लोक वर पेरायचे, आता पेरत न्हाईत, पर आपला आपण उगवतोय. औंदा लय झालाय." ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "माजला असंल काय?"

"माजला म्हणजे?"

तिनं सांगितलं ते असं. ती आठनऊ वर्षांची असताना तिच्या बापानं नव्या हरकाचा भात घरात केला होता. ते वर्ष फार पावसाचं होतं. पोटात खड्डा पडलेला, सगळ्यांनी पोटभर खाल्ला. तासाभरात सगळं घर प्यायल्यासारखं झुलायला लागलं. आधी एकमेकांकडं बघून हसली माणसं. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. धाकटा भाऊ तीन दिवस थरथरत पडून होता, त्याच्या हातात पाण्याचा गडवा ठरत नव्हता. "तवापास्नं आमी म्हणतो, हरीक माजतोय. नवा खायाचा न्हाई. पर म्हसरं तर दरसाल त्यात चरत्यात. त्यास्नी कदी काय झालं न्हाई."

"यंदा पाऊस कधी थांबला?"

"कुटं थांबला? दसऱ्याच्या दिशीबी हुताच की. आणि धुकं."

आम्ही दोघं सड्यावर गेलो. ती पुढं, मी मागं. हरीक गुडघ्याएवढा उभा होता. लांबून त्यात वेगळं काही दिसत नव्हतं. मी एक लोंब हातात धरली आणि बोटं चिकटली. गुळाच्या पाकाचा हात लागावा तसा चिकटा. दुसऱ्या लोंबीत दाण्यांच्या जागी खरखरीत, मातकट गोळ्या होत्या, दाण्यापेक्षा जरा मोठ्या. भिंग लावून बघितलं. ते दाणे नव्हतेच, बुरशीनं दाणा खाऊन आपलं घर केलं होतं. पुढची लोंब तशीच, त्यापुढचीही तशीच. जिथं हात घालावा तिथं तेच. शेवटच्या वर्षाला एका सरांनी गवतावरच्या अशा बुरशीबद्दल दहा मिनिटं सांगितलं होतं. तिच्या विषानं जनावर थरथरतं, चालताना झोकांड्या खातं, आवाजानं पडतं. मारते ती क्वचितच. जनावर मरतं ते पडून किंवा बुडून. "आपल्याकडं बघायला मिळणार नाही," असं म्हणून सरांनी पान उलटलं होतं.

"हेच आहे, मावशी," मी म्हणालो.

ती लोंबीकडं बघत राहिली. मग आपली बोटं लुगड्याला पुसली.

दुपारी देवळापुढं सगळे जमले. वाड्याचे कारभारी धुळूआप्पा झोरे सगळ्यांत वयस्क. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नव्हतं. मी लोंब्या सगळ्यांच्या हातात दिल्या, चिकटा दाखवला, समजावून सांगितलं. भिवराबाई लांब, दगडी दीपमाळेशी उभी होती.

"त्या चिठ्ठीत मी नुसता संशय लिहिला होता," मी म्हणालो. "आता वेगळं कारण दिसतंय. जनावरं सड्यावरनं खाली आणा, काड घाला, गडबड करू नका. आठदहा दिवसांत सुधारतील."

धुळूआप्पा म्हणाले, "आणि सुदारली म्हंजे?"

"म्हणजे सिद्ध झालं की दोष गवताचा होता."

"न्हाई हुत सायेब. सुदारली तर लोक म्हणतील, हिला धरल्यावर हिनं घालायचं बंद केलं, म्हून सुदारली."

कुणीतरी मागून हुंकार दिला. बमू खाली बघत होता. त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं.

"मग एखाद्या चांगल्या जनावराला हेच गवत सगळ्यांसमोर घालून बघू," मी म्हणालो.

"कुनाच्या?" सोनाबाई एकदम म्हणाली. "आमच्या आणि किती मारायच्या?"

सात घरांची माणसं होती, आणि जी चारदोन जनावरं अजून धड होती ती कोण पुढं करणार? मी एखादं जनावर खालच्या गावातून विकत आणायचं म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात दीपमाळेपासून आवाज आला.

"माजी चांदी घ्या."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"तिलाच घाला. ती धड हाय म्हून मी वाईट, न्हवं? मग तिलाच घाला. हितं देवळाम्होरं बांदा. आप्पांच्या हातानं घाला. मी जवळबी येत न्हाई."

"भिवरे, गाभण हाय ती," धुळूआप्पा म्हणाले.

"ठावं हाय मला."

मी म्हणालो, "मावशी, थांबा. गाभण जनावर नको. मी दुसरं काहीतरी बघतो."

"सोमवार परवा हाय सायेब," ती म्हणाली. "तुमी कवा बगनार?"

चांदीला देवळापुढच्या खुंट्याला बांधलं. मी आणि बमू सड्यावरून हरकाच्या लोंब्या कापून आणत होतो. धुळूआप्पा चाचपून चाचपून मूठ मूठ तिच्यापुढं टाकत होते. तिला गोड लागत असावं, ती आवडीनं खात होती. मी खाली निरोप पाठवला आणि वाड्यातच राहिलो. दुसऱ्या बाजूला बाकीच्या सगळ्या म्हशी सड्यावरून खाली आणून बांधल्या होत्या आणि त्यांना काड चाललं होतं. भिवराबाई आपल्या उंबऱ्यात बसून असायची. तिथून देऊळ दिसत होतं. धार काढायची वेळ झाली की चांदी तिकडं तोंड करून रेकायची. ती उठायची, आत जायची, परत येऊन बसायची.

पहिला दिवस काही झालं नाही. दुसरा दिवसही गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनाबाई माझ्यापुढं भाकरी ठेवताना म्हणाली, "काय हुत न्हाई म्हशीला, सायेब." तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. ती घाबरलेली होती. कशाला ते तेव्हा मला कळलं नाही.

सोमवारी सकाळी मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. चांदी खात होती. तोंड हलवता हलवता तिचा ओठ जरासा थरथरल्यासारखा वाटला. मग कान. मग खांद्यावरच्या कातडीवरून एक बारीक लाट गेली. धुळूआप्पा पाण्याची कळशी घेऊन येत होते. पायरीला ठेच लागली आणि कळशी दगडावर आपटली. चांदी जागच्या जागी ताठली. डोकं वरखाली हलायला लागलं, मागचा चिंधीचा पाय वाकला, आणि ती सगळ्या अंगानिशी खाली बसली.

"काय झालं?" धुळूआप्पांनी विचारलं. त्यांना दिसलं नव्हतं.

"पडली," बमू म्हणाला.

माणसं घराघरांतून बाहेर आली. भिवराबाई टोकाच्या घरापासून चालत आली. तीन दिवसांत पहिल्यांदा ती चांदीजवळ गेली. शेजारी बसली आणि तिच्या मानेवर हात ठेवून थांबली. हाताखालची थरथर मला लांबूनही दिसत होती.

"झालं समादान?" ती म्हणाली. तिनं कुणाकडं बघितलं नव्हतं.

सोनाबाई पदर तोंडात धरून रडायला लागली.

त्यानंतर चांदीला ओढ्याकडचा हिरवा चारा चालू केला. मी दवाखान्यात परतलो, पण एक दिवसाआड वर जात होतो. वाड्यातल्या पुरुषांनी कोयते घेऊन सड्यावरचा हरीक कापायला घेतला, आणि लोंब्यांचा ढीग करून जाळला. बमूच्या म्हशी आठवड्यात सावरल्या. चांदीला जरा जास्त दिवस लागले. बाराव्या दिवशी मी गेलो तेव्हा ती नीट उभी होती. टाळी वाजवून बघितली, तिनं फक्त कान वळवला. पोटातलं रेडकूही हलत होतं.

त्याच दिवशी धुळूआप्पांनी सगळ्यांना बोलावलं.

"भिवरे," ते म्हणाले, "वाड्याचं चुकलं. देवाम्होरं सांगतो. तू हितंच ऱ्हा."

बमू पुढं झाला. "वैनी, माजंबी चुकलं."

भिवराबाईच्या पायाशी एक गाठोडं होतं. ते मी आल्यापासून बघत होतो, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

"म्हशीस्नी इस दिलं न्हाई हे कळलं म्हून ऱ्हा म्हणतायसा," ती म्हणाली. "तीस वरीस ऱ्हायली मी हितं. बमू, तुज्या तीन पोरी माज्या हातावर झाल्या. मी इस दिलं आसंल, असं वाटलंच कसं रं तुला?"

तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चांदीचं दावं सोडलं. तिची मुलगी खिंडीपलीकडच्या वाड्यात दिली होती. सोनाबाई आडवी गेली, तिच्या पायावर पडली. भिवराबाईनं वाकून तिला उठवलं, तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला, आणि चालू लागली.

जनावर नुकतं उठलेलं, उतारावर दमानं न्यायला हवं होतं. मी मागून जाऊन दावं धरलं. तिनं नको म्हटलं नाही. आम्ही खिंडीपर्यंत चालत गेलो. दोन तास लागले असतील. चांदी मधेच थांबायची, आम्हीही थांबायचो.

खिंडीत सावली होती. चांदीला पाणी दाखवलं. मग मी म्हणालो, "मावशी, चूक माझी होती. चार दिवस थरथरणारं जनावर काजऱ्याचं नसतं, हे मला कळायला हवं होतं. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी काजऱ्याचं नाव घेतलं. आणि सोनाबाईनं तुमच्या घराकडं बघितलं, ते मला दिसलं होतं. तरी मी तसं लिहून दिलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, रागावेल. किंवा जाऊ द्या म्हणेल. मला तेच ऐकायचं होतं, जाऊ द्या.

"हे मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मी इस दिलं न्हवतं, हे मला ठावंच हाय. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा जावा."

"त्यांना कळलंय आता."

"त्यास्नी गवताचं कळलंय. तुमचं कुटं कळलंय?"

तिनं माझ्या हातातलं दावं घेतलं आणि खिंड उतरायला लागली.

मी किती वेळ तिथं उभा होतो, सांगता येत नाही. डावीकडची वाट दवाखान्याकडं उतरत होती. त्या वाटेनं गेलो असतो तर उन्हं असतानाच घरी पोचलो असतो, आणि कुणी मला काही विचारलं नसतं. मी परत वर चढलो.

वाड्यात धारा काढायची वेळ झाली होती. मी धुळूआप्पांना म्हणालो, सगळ्यांना बोलवा. माणसं हातातली भांडी तशीच घेऊन आली. मी उभा राहिलो आणि खिंडीत जे सांगितलं होतं ते सगळं परत सांगितलं. संशय या शब्दामागं लपलो होतो तेही सांगितलं. देवळापुढं 'वेगळं कारण दिसतंय' म्हणालो, तेव्हा 'माझं चुकलं' म्हणायला हवं होतं, हेही सांगितलं.

मग बमूनं हातातली चरवी खाली ठेवली.

"चिठ्ठी तुमची हुती सायेब," तो म्हणाला. "पर तिच्या घराकडं बगायला तुमी न्हवतं सांगितलं."

सोनाबाई त्याच्या मागं उभी होती. ती म्हणाली, "मी बगितलं. मीच बगितलं आदी. बिया माज्याबी घरात हुत्या. माज्या घराकडं कोन बगंल, ह्या भ्यानं बगितलं."

प्रयोगशाळेचं पत्र दीड महिन्यानं आलं. काजऱ्याचं विष आढळलं नाही, एवढीच ओळ होती. मी ते धुळूआप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली.

बमू भिवराबाईला आणायला खिंडीपलीकडं तीनदा गेला. पहिल्यांदा सोनाबाईला घेऊन, दुसऱ्यांदा धुळूआप्पांना घेऊन, त्यानं आप्पांचा हात धरून त्यांना खिंड पार करवली होती. तिसऱ्यांदा एकटाच. त्या खेपेचं त्यानं मला जूनमध्ये सांगितलं, माझी बदली झाली तेव्हा तो सामान पोचवायला आला होता.

चांदीला रेडी झाली होती. भिवराबाई तिला खरारा करत होती. बमूला बघून तिनं विचारलं, "सायबानं सांगितलं?"

"सांगितलं."

"समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरं. सोनीनंबी सांगितलं, तिचं."

तिनं खरारा खाली ठेवला. आत जाऊन ताकाचा तांब्या आणला, त्याच्या हातात दिला आणि तो पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिली. रेडीला त्याच्या हातून गूळ चारवला. पोरींची एकेकीचं नाव घेऊन चौकशी केली. मग उन्हं कलायच्या आत खिंड चढून जा म्हणाली, आणि पोचवायला आपण वाटेच्या वळणापर्यंत आली.

त्याच्याबरोबर मात्र ती आली नाही.